आकडा खाली, मी बरी

माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरं, गोल बटण चिकटवलेलं असतं. रिक्षात, लग्नात, शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, हे काय लावलंय?" आधी मी खरं सांगायचे. मग कारल्याचा रस, भिजवलेल्या मेथ्या, कुणाच्या तरी गावचा मुळी देणारा बाबा, सगळं ऐकून घ्यावं लागायचं. आता मी सरळ "काही नाही, डॉक्टरांनी लावलंय" म्हणते आणि विषय बदलते.

ते बटण म्हणजे सेन्सर. त्याची केसाएवढी तार कातडीखाली असते. अंगातल्या साखरेचा आकडा ते दर थोड्या वेळाने मोबाईलवर पाठवतं. आकड्याशेजारी बाण असतो. साखर चढत असेल तर वर, उतरत असेल तर खाली. फार खाली गेली की मोबाईल असा कोकलतो की झोपलेला माणूस उठून बसावा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरही तो आकडा जोडता येतो, आणि आमच्या घरातली भांडणं तिथूनच सुरू झाली.

हे मी एका विशिष्ट बाईसाठी लिहितेय. तिला माझ्यासारखा लहानपणापासूनचा मधुमेह आहे, तिला मूल हवंय, आणि घरातले सगळे तिच्या काळजीने तिचा जीव खातायत. बाई, तू एकटी नाहीस एवढं आधी ऐक.

नववीतली दिवाळी

मी राहुरीची. नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी वाळत चालले होते. तांब्यामागून तांबे पाणी प्यायचे आणि सारखी बाथरूमला पळायचे. आईला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. मग एके सकाळी मी अंगणात रांगोळी काढता काढता आडवी झाले ती दवाखान्यात डोळे उघडले. डॉक्टर वडिलांना समजावत होते की हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, आता रोज टोचून घ्यावं लागेल, कायमचं. वडील नुसते मान हलवत होते. आईने मात्र पहिला प्रश्न विचारला, "हिचं लग्न कसं व्हायचं हो?"

मला इतका राग आला होता! मी इथे सलाईन लावून पडलेय आणि हिला लग्न सुचतंय. शेजारच्या काकू बघायला आल्या, म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला शुगर? गोड फार खात असेल." तेव्हापासून आजवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, हसूच येतं.

लग्नाच्या वेळी आम्ही काहीच लपवलं नाही. संदीपचं घर मूळचं संगमनेरकडच्या खेड्यातलं, तो इथे नगरला एमआयडीसीत नोकरीला. बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. संदीपच्या आई पदर सावरून म्हणाल्या, "आमच्या म्हशीलाबी डाक्टर सुई मारतोय की. पोरीला मारायला काय हुतंय?"

म्हशीच्या रांगेत बसवल्याबद्दल मी तेव्हा फुगून बसले होते. पण एकही स्थळ माझ्या सुईबद्दल इतकं सहज बोललं नव्हतं, हेही खरं. त्यांना मी आत्या म्हणते. लग्नानंतर काही वर्षांनी सासरे गेले आणि आत्या गावचं घर बंद करून नगरात सावेडीला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या.

पहिलं

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा सेन्सर नव्हता. दिवसातून कितीतरी वेळा बोट टोचायचं, वहीत लिहायचं, इंजेक्शनचा डोस ठरवायचा. तरी आकडे झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली व्हायचे. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करताना माझ्या डॉक्टर मॅडम बोलता बोलता थांबल्या. पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठोके लागत नव्हते.

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "एकच कारण सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी आपण साखर आधी ताब्यात आणू आणि मगच बाळाचा विचार करू." त्या चांगल्याच बोलल्या. पण माझ्या कानांनी ऐकलं ते एवढंच, की तुझ्या साखरेनं तुझं मूल गेलं. घरी मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. आत्या तर महिनाभर बोलल्याच नाहीत, कुणाशीच. मी धरून चालले की त्या मलाच दोष देतायत.

सगळ्यांच्या मोबाईलवर मी

दुसऱ्या वेळी मॅडमनी आधी सेन्सर लावायला लावला. साखर बराच काळ आटोक्यात राहिली, मग त्यांनी होकार दिला, आणि नशिबाने लवकर दिवस राहिले. आता उद्दिष्ट आणखी कडक झालं. दिवसातला बहुतेक वेळ आकडा त्रेसष्ट ते एकशे चाळीसच्या मध्ये हवा. मी मास्तरीण, दुसऱ्यांना मार्क देणारी. आता रोज सकाळी माझाच निकाल लागायचा. कालचा दिवस किती टक्के बरा गेला ते मोबाईल सांगायचा.

संदीपने आकडा स्वतःच्या मोबाईलला जोडला, हे मी समजू शकते. पण त्याने तो आत्यांच्या मोबाईललाही जोडून दिला. मला न विचारता. झालं! आत्यांना इंग्रजी आकडे नीट येत नव्हते, ते त्यांनी आठवड्याभरात शिकून घेतले. मोबाईल कमरेच्या पिशवीत. भाजी निवडताना बघ, देवापुढे दिवा लावताना बघ. मी शाळेत वर्गावर असले तरी फोन यायचा.

"काय खाल्लं गं आता? बाण वर निघालाय."

"पोळीच खाल्ली, आत्या."

"मग येवढा कसा चढलाय?"

वर्गातली पोरं खिदळायची. मला वाटायचं मोबाईल खिडकीतून भिरकावून द्यावा. भाताचा एक घास जास्त घेतला तर समोरचे दोन चेहरे लगेच उतरायचे. बाथरूममध्ये बसून मी कितीदा रडले असेन. बाई, काळजीचाही जाच होतो. हे बोललं तर लोक कृतघ्न म्हणतात, म्हणून कुणी बोलत नाही. मी बोलते.

आणि बोट टोचायचं छोटं मशीन? ते कपाटात गेलं. आता आकडा आपणहून येतोय म्हटल्यावर बोटांना कशाला त्रास? ही चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

फुलांची वाडी

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण ठरलं. मला नको होतं. मागच्या वेळेनंतर मला कसलाच गाजावाजा नको होता. पण माझी आई अडूनच बसली. म्हणाली, "मागच्या वेळी राहून गेलं. या वेळी पोरीला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवणारच." तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

सोसायटीचा हॉल घेतला. आईने राहुरीहून खास फुलांची वाडी करून आणली होती. डोहाळेजेवणाला घालतात ते फुलांचे दागिने, मुकुट, हार, कंबरपट्टा, दोन्ही दंडांना बाजूबंद. मोगरा आणि शेवंती. काय सुरेख होतं ते! आईनेच मला नटवलं. डावा बाजूबंद तिने मुद्दाम खाली ओढून थेट सेन्सरवरच बांधला.

"दिसायला नको," ती हळूच म्हणाली. "आज तरी कुणी विचारायला नको."

मलाही बरंच वाटलं. सुटू नये म्हणून तिने दोरा दोनदा गुंडाळून गच्च गाठ मारली. त्यातून ब्लाउजची काठाची नवी बाही, तीही तंग. जरा काचत होतं. पण डोहाळेजेवणात बाईला काय काय काचत नाही?

ओटी भरली, गाणी झाली. शेजारणी झोपाळ्याला झोके देत होत्या. दोन वाट्या झाकून समोर ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, उचल एक, असा खेळ सुरू होता. मी हात पुढे केला आणि माझा मोबाईल कोकलला. त्याच्या पाठोपाठ आत्यांच्या कमरेतला. गाणं बंद पडलं.

आकडा अठ्ठावन्न, बाण खाली.

"मला काही होत नाहीये," मी म्हटलं. खरंच होत नव्हतं. साखर उतरली की माझे हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांसमोर काजवे चमकतात. त्यातलं काहीच नव्हतं. मला भूकसुद्धा नव्हती.

"मागल्या येळंलाबी तू आसंच म्हनली हुतीस," आत्या म्हणाल्या. त्यांनी साखरपाण्याचा पेला माझ्या तोंडालाच लावला. मी प्यायले. थोड्या वेळाने पाहिलं तर आकडा आणखी खाली. मग ग्लुकोजची पावडर. मग पेढा, बर्फी, दोन्ही वाट्या रिकाम्या. कुणी म्हणे सरबत द्या, कुणी म्हणे मध चाटवा. मी म्हणतेय, "अहो थांबा, मी बरी आहे," पण आकडा खाली असताना माझं कोण ऐकणार? खरं सांगायचं तर माझाही स्वतःवरचा विश्वास उडाला. मला वाटलं, साखर इतकी खाली गेलीय की मला कळेनासं झालंय. असंही होतं, मॅडमनी बजावून ठेवलं होतं. बाळाला काय होत असेल या विचाराने मग मीच पेला मागून घेतला.

शेवटी मोबाईलवर आकडा दिसायचाच बंद झाला, नुसतं "लो". संदीपने मला धरून गाडीत घातलं. मुकुट, हार, सगळ्यासकट.

तीनशेच्या वर

दवाखान्यात रक्तदाब बघायला सिस्टरने बाजूबंद कापले आणि माझं बोट टोचलं. मशीनवरचा आकडा बघून तिने परत टोचलं. तीनशेच्या वर.

मी कापलेल्या बाजूबंदाकडे बघितलं. दंडावर दोऱ्याचे लाल वळ, आणि सेन्सरच्या कडेला खोल ठसा उमटला होता. आणि मला लख्ख आठवलं. सेन्सर लावला त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या की या कुशीवर झोपू नका, दाब पडला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो. कुशीचं मी रोज पाळत होते. फुलांनीही दाब पडतो हे कुणाच्या डोक्यात आलं? साखर मुळात उतरलीच नव्हती. चांगल्या साखरेवर आम्ही सगळ्यांनी मिळून शेरभर गोड ओतलं होतं.

मग धावपळ. इन्सुलिन, सलाईन, पोटाला ठोक्यांच्या मशीनचे पट्टे. सिस्टर पोटावर इकडून तिकडून शोधत होती, आणि मशीनमधून नुसती खरखर येत होती. त्या खरखरीत मी काय काय पाहिलं ते सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळची ती सोनोग्राफीची खोली, मॅडमचा खांद्यावरचा हात. मी संदीपचं मनगट इतकं आवळलं की त्याला नखं लागली. मग ठोके लागले. जरा जास्तच वेगात होते, पण होते. संदीप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हुंदके देऊ लागला.

माझी भीती जरा ओसरली तसा राग उफाळला. आत्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, मोबाईल अजून मुठीत.

"मी ओरडून सांगत होते ना, मला काही होत नाहीये म्हणून!" मी सुटलेच. "अंग माझं आहे. पोट माझं आहे. तुम्हाला त्या डबड्याचं खरं वाटतं, माझं नाही! संदीप, आत्ताच्या आत्ता तो आकडा यांच्या मोबाईलमधून काढ. नाहीतर मी माहेरी जाते, तिकडेच बाळंत होते."

संदीपने मान खाली घातली. आत्यांनी मोबाईल पलंगावर ठेवला. मग स्टूल ओढून बसल्या.

"काढ बाबा," त्या म्हणाल्या. "पन आधी माझं आयका. मागल्या बाळंतपनात, चौथा म्हयना आसंल. दुपारचं तू 'मला काय हुत न्हाई' म्हनत आतल्या खोलीत जाऊन पडली हुतीस. मी डोकावले. मला वाटलं, पोर दमलीय, झोपलीय. आवाज नको म्हून मी दार लोटलं आन भांडी घासायची ठेवली तशीच. लई येळानं बगितलं तर तू घामानं भिजलेली, हाक मारली तर डोळा उघडंना. तवा संदीपनं तुला दवाखान्यात नेलं."

ते मला आठवत होतं. त्या दिवशी साखर उतरून मी बेशुद्ध झाले होते. पण दार त्यांनी लोटलं होतं हे मला माहीत नव्हतं.

"त्याच्यामागं म्हयन्याभरात प्वार गेलं," आत्या म्हणाल्या. "डाक्टरीन म्हनली त्याच्यानं न्हाई. पन मला कोन सांगनार? मी दार लोटलं ना. ह्या डबड्यात मला दिसतंय तरी. न्हाई तर तू झोपलीस की गेलीस, मला कसं कळायचं?"

मी त्यांना माफ केलं वगैरे असं काही मी लिहिणार नाही. माझा राग गेलाच नव्हता. दंड ठणकत होता, पोटावर पट्टे होते, आणि त्यांच्यामुळे मी तिथे होते. पण वर्षभर मी समजत होते की या बाईला मी अपराधी वाटते. आणि ही बाई वर्षभर आतल्या आत स्वतःला खात होती. मी सलाईन नसलेला हात त्यांच्याकडे केला. त्यांनी तो धरला. आम्ही दोघी रडलो. आई दारात उभी राहून वेगळीच रडत होती, तिला तिच्या गाठीचं दुःख होतं. संदीप बिचारा चहा आणतो म्हणून पळाला.

आधी बोट

आकडा मी आत्यांच्या मोबाईलमधून काढला नाही. पण कपाटातलं मशीन बाहेर आलं आणि एक नियम झाला. मला बरं वाटतंय आणि मोबाईल ओरडतोय, असं झालं तर आधी बोट टोचायचं, मग साखर. उलटंही तसंच, आकडा चांगला दिसतोय पण मला घाम फुटलाय, तरी बोट. मशीन हाताशी नसेल आणि हातपाय कापत असतील तर मात्र वाट बघत बसायचं नाही, गोड खायचं. हे सगळं मॅडमनी आत्यांना समोर बसवून सांगितलं. तू तुझ्या घरच्यांना असंच डॉक्टरांसमोर बसवून ऐकव. तू सांगितलंस तर ते ऐकणार नाहीत, लिहून ठेव.

टोचायला आत्याच शिकल्या. पहिल्यांदा टोचून त्यांनी लगेच विचारलं,

"दुखलं का गं?"

"तुमच्या म्हशीला विचारा," मी म्हटलं. किती दिवसांनी त्या खळखळून हसल्या.

म्हणून पुढचे दिवस सोपे गेले असं समजू नकोस. शेवटचे आठवडे फार वाईट होते. इन्सुलिन कितीही वाढवलं तरी पुरेना. आठवड्याचा निकाल कधी बरा, कधी असा की मॅडमचा चेहरा बघायला नको वाटे. बाळ वजनाने मोठं दिसत होतं, बाळाभोवतीचं पाणी वाढलं होतं. प्रत्येक सोनोग्राफीला मी डोळे मिटून पडायचे आणि मॅडम बोलत राहाव्यात एवढंच मागायचे. संदीप आणि मी क्षुल्लक गोष्टींवरून भांडायचो. एकदा तो वरणभाताचं ताट तसंच टाकून उठून गेला, कारण मी त्याला म्हटलं, "तुला निदान पोटभर भात तरी मिळतो." तो जिन्यात जाऊन बसला होता. आत्यांनीच त्याला परत आणला.

टाच

दिवस पूर्ण भरायच्या आधीच मॅडमनी सीझर करायचं ठरवलं. मुलगी झाली. मला ती क्षणभर दाखवली, लालबुंद, गालांचे नुसते गोळे. आणि लगेच आत नेली. माझ्यासारख्या आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, हे मला माहीत होतं. पोटात तिला माझी जास्तीची साखर मिळत होती, तिचं अंग तिच्या हिशोबाने इन्सुलिन बनवत होतं, आणि नाळ कापल्यावर साखर एकाएकी बंद. माहीत असणं वेगळं. मी टाके घातलेलं पोट धरून पडले होते आणि तिकडे आत माझ्या पोरीच्या टाचेला सुई टोचली जात होती. आईपण सुरू होऊन तास झाला नव्हता, तर मी माझं दुखणं तिच्या हातात ठेवलंसुद्धा, असंच मला वाटत होतं.

आत्या काचेपाशी उभ्या राहून बघून आल्या.

"किती आली?" मी विचारलं.

"कमी हाय म्हनली. टाच टोचली तशी पोरीनं आसा भोंगा पसारला की बाजूची प्वारं जागी झाली."

"किती कमी?"

"मी न्हाई इचारलं."

"आत्या! अख्खे नऊ महिने माझा आकडा विचारलात, आणि आता नाही विचारलंत?"

त्या काही बोलायच्या आत सिस्टर आली. तिच्या हातात कापडात गुंडाळलेली पोर होती. म्हणाली, "साखर थोडी कमी आहे. सलाईन लगेच लावायची गरज नाही, आधी पाजून बघू. घ्या, अंगाशी धरा."

मला उठता येत नव्हतं. सिस्टरने एका बाजूने उशी लावली, दुसऱ्या बाजूने आत्यांनी मला आधार दिला. दूध कुठलं यायला, चिकाचे चार थेंब. पण पोरीला पत्ता लगेच लागला. काय ओढ होती तिच्या तोंडाला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

इतके महिने मी एकाच भीतीत होते, की माझ्या अंगातलं काहीतरी तिच्यापर्यंत जातंय आणि तिला मारतंय. जेवताना, झोपताना, श्वास घेताना तीच भीती. आणि आता ही सिस्टर म्हणत होती, तुमचं आहे ते द्या, त्यानेच तिची साखर चढेल. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी हमसाहमशी रडायला लागले. टाके दुखत होते, तरी मला थांबता येईना.

आत्यांनी त्यांच्या पदराने माझं तोंड पुसलं.

"गप. तू पाज," त्या म्हणाल्या. "रडायला ती हाय की आता."